घर भरलेले असूनही आई एकटी का?

"आईला आमच्याकडे आणले, तिला काही कमी पडू देत नाही, तरी ती एकटी पडल्यासारखी का वागते?" असे विचारणारी मुले-सुना माझ्याकडे वारंवार येतात आणि त्यामागे बहुधा आपलेच काही चुकते आहे का, ही बोच असते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून अशाच एका कुटुंबाविषयी लिहिते आहे.

पतीच्या निधनानंतर वाईहून पुण्याला मुलाकडे आलेल्या या आजींची झोप, भूक, मनःस्थिती आणि श्रवण यांची तपासणी आधी करून घेतली, कारण नैराश्य किंवा कमी ऐकू येणे यामुळेही माणूस गप्पांतून मागे सरतो. तसे काही आढळले नाही. मग मी त्यांना वाईतल्या एखाद्या साध्या दिवसाविषयी विचारले. विरजण मागायला येणारी शेजारीण, दुपारी वाती वळायला जमणाऱ्या बायका, एकादशीचे भजन असे सांगता सांगता त्या म्हणाल्या, "इथे सगळे मला देतात हो, पण माझ्याकडे मागायला कुणी येत नाही."

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकाकीपणाचे दोन प्रकार सांगितले: जिवलग माणूस नसल्याचा भावनिक एकाकीपणा आणि ओळखीपाळखीचे जाळे तुटल्याचा सामाजिक एकाकीपणा. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि माझाही अनुभव तोच आहे. आजींनी पती आणि आळी दोन्ही गमावली होती. मुलाने कितीही जीव लावला तरी तो आळी होऊ शकत नव्हता.

त्यांना लगेच ज्येष्ठ नागरिक संघात नेऊन बसवावे, असे मी सुचवले नाही, कारण अनोळखी घोळक्यात परकेपणा अधिकच जाणवतो. सोसायटीतल्या एका बाईंना हरिपाठाच्या चाली शिकायच्या होत्या. तिथून सुरुवात केली आणि पुढे त्यांच्यासोबतच आजी भजनी मंडळात जाऊ लागल्या. घरी "तुम्ही आराम करा" म्हणून काढून घेतलेले दही-लोण्याचे काम सूनबाईंनी त्यांच्याकडे परत सोपवले.

आजी आता बऱ्याच मोकळ्या झाल्या आहेत, तरी पतीची आठवण आहेच आणि दिवाळीनंतर काही दिवस त्यांना वाईला राहायचे आहे. या ओढीचा अर्थ त्या तुमच्या घरी नाखूश आहेत असा काढू नका आणि त्यांना अवश्य पाठवा, असे मी सूनबाईंना सांगितले आहे.