‘स्मोकलेस पावडर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न वाशीहून आला आहे. पिस्तुलाची काडतुसे स्वतः भरण्याविषयीच्या एका अमेरिकी पुस्तिकेचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात ‘स्मोकलेस पावडर’साठी ‘धूम्रहीन चूर्ण’ लिहिले तर चालेल का? शिवाय ‘फास्ट’, ‘चार्ज’, ‘ग्रेन’ आणि ‘रीलोडिंग’ यांचे काय करावे?

चूर्ण नको. चूर्ण म्हटले की त्रिफळा डोळ्यांपुढे येतो, आणि काडतुसात जळून गोळी पुढे ढकलणारी ही वस्तू भुकटी नसतेच. चपट्या चकत्या, गोल दाणे किंवा बारीक नळकांडी अशा ठरवून दिलेल्या आकारांत ती येते. मराठीत तिला ‘दारू’ हा शब्द आहेच. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्याकडे तो शब्द बंदुकीकडे, शोभेच्या दारूकामाकडे आणि गुत्त्याकडे असा तिन्ही वाटांनी गेला. वाशीहून हार्बरने सीएसएमटीकडे जाताना रे रोडजवळ लागणारा दारूखाना बंदुकीच्या दारूचाच. तेव्हा ‘बिनधुराची दारू’ म्हणावे आणि जुनीला ‘काळी दारू’. काळ्या दारूत साधारण 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा, 10 टक्के गंधक. जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घनरूपातच उरते आणि तोच तिचा दाट धूर. बिनधुराची दारू 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून केली. ती जळून जवळजवळ सगळी वायूच होते. थोडा धूर तिचाही दिसतो, पण नाव रूढ आहे.

नाम जुने चालेल, क्रियापदे मात्र तपासून घ्या. काळी दारू ठासावीच लागे, म्हणून तर ‘ठासणीची बंदूक’. दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळी फुटण्याचा धोका असे. पिस्तुलाच्या काडतुसात बिनधुराची दारू ठासत नाहीत. ती मापून ओततात, वर गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत बसवतात आणि आत बहुधा थोडी मोकळी जागा राहते. गोळी प्रमाणापेक्षा खोल गेली की ती जागा आक्रसते आणि दाब झपाट्याने वाढतो. 9 मिलिमीटरच्या लहानशा पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात, तर फारच. अनुवादात एकदा जरी ‘दारू ठासा’ असे छापले गेले, तरी ती भाषेची चूक राहत नाही, हात जाण्याची सोय होते. तसेच ‘दारूचा स्फोट होतो’ लिहू नका. ती जळते, फार वेगाने, पण जळतेच.

‘फास्ट पावडर’ला ‘वेगवान दारू’ म्हटले तर वाचक समजेल की गोळी वेगाने जाते. अर्थ तो नाही. ‘लवकर जळणारी’ आणि ‘सावकाश जळणारी’ असे लिहा. आखूड नळीच्या पिस्तुलात हलक्या गोळीबाराला लवकर जळणारी दारू लागते, आणि तीही थोडीच. मॅग्नम, म्हणजे जास्त जोराच्या, काडतुसात जास्तीचा वेग हवा असेल तर उलट सावकाश जळणारी वापरतात. पुस्तिकेतला ‘बर्न रेट’चा, म्हणजे जळण्याच्या वेगाचा, तक्ता हा फक्त क्रम आहे, शेजारशेजारच्या दोन दारू एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत, हे वाक्य अनुवादात गाळू नका.

‘चार्ज’ला ‘बार’ म्हणण्याचा मोह होईल. ‘बार भरणे’ मराठीत आहे, पण ‘बार’ म्हणजे उडालेला आवाजही, म्हणून तक्त्यात ‘दारूचे माप’ बरे. ‘डबल चार्ज’ म्हणजे ‘दुहेरी माप’. .38 स्पेशलची पुंगळी 1898 च्या सुमाराची, काळ्या दारूच्या हिशेबाने केलेली, त्यामुळे ऐसपैस. तिच्यात लवकर जळणाऱ्या दाट दारूचे माप तळाशीच राहते आणि चुकून दुसरे पडले तरी सहज नजरेत येत नाही. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहायचे असते. उलट दारू पडलीच नाही तर निव्वळ टोपीच्या (दारू पेटवणाऱ्या ‘प्रायमर’च्या) जोरावर गोळी नळीत अडकते. याला ‘स्क्विब’ म्हणतात, आणि आपला ‘फुसका बार’ इथे चपखल बसतो. त्यावर दुसरी गोळी झाडली की नळी फुगते किंवा फाटते.

सर्वांत जपायचा शब्द ‘ग्रेन’. हे वजन आहे, दारूचा दाणा नव्हे. ‘5 ग्रेन’चे ‘5 दाणे’ करू नये. एक ग्रेन म्हणजे 64.8 मिलिग्रॅम, एका पौंडात 7000 ग्रेन. ‘ग्रेन’च्या जागी ‘ग्रॅम’ छापले गेले तर माप पंधरापट होते. मुद्रितशोधन करणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा आणि तक्त्याच्या प्रत्येक पानावर एकक पूर्ण लिहा.

‘पुनर्भरण’ टाळा, तो शब्द विहिरींनी आणि भूजलाने घेतला. शिवाय इंग्रजीत रिकामे पिस्तूल भरण्यालाही ‘रीलोड’च म्हणतात. ‘पुंगळी पुन्हा भरणे’ म्हटले की घोळ मिटतो. पुंगळी हा शब्द गुन्हेवार्तांमधून सर्वांना ठाऊक आहे. प्रस्तावनेत एवढे मात्र घाला की भारतात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करायला 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 ने मनाई आहे.

‘बुल्सआय’, ‘युनिक’, ‘टाइटग्रुप’ ही दारूंची विशेषनामे, तशीच ठेवा. आकड्यांना तर हातच लावू नका: ‘एचपी-38’ आणि ‘विंचेस्टर 231’ ही एकाच दारूची दोन नावे आहेत, पण रायफलच्या ‘एच 4350’ आणि ‘आयएमआर 4350’ या आकडा सारखा असूनही वेगवेगळ्या दारू आहेत.