गरम जॉब आणि वर्षभराची अप्रेंटिसशिप

प्रश्न : ताई, माझा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. चाकणच्या एका मोठ्या कंपनीत वर्षभराच्या अप्रेंटिसशिपसाठी निवड झाली आहे. इकडे भोसरीतले एक वर्कशॉपवाले महिना चौदा हजारांवर सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) ये म्हणतात. रूमवरची मुलं म्हणतात, ‘मोठ्या कंपनीत वर्षभर राबवून घेतात आणि सर्टिफिकेट देऊन घरी पाठवतात.’ काय करू?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : रूमवरची मुलं खोटं बोलत नाहीत. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे तू शिकाऊ असशील, कामगार नाही. म्हणून पीएफ नाही, ईएसआय (कामगार विमा) नाही, आणि करारात तसं लिहिलेलं नसेल तर वर्षानंतर कायम करण्याचं बंधनही नाही. २०१९च्या नियमांनी डिप्लोमावाल्याचं विद्यावेतन महिना किमान ८,००० रुपये ठरवलं. कंपनी जास्त देऊ शकते. किती देते, बस आणि कँटीन आहे का, आधी विचार. घरी पैसे पाठवणं तुझ्यावरच असेल तर भोसरीची नोकरी घे, त्यात काही कमीपणा नाही.

तेवढी अडचण नसेल तर मात्र चाकणला जा. का, ते माझ्याच गोष्टीवरून सांगते.

अप्रेंटिस असताना दुसऱ्याच महिन्यात मला अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगचा बोअर, म्हणजे बेअरिंग बसतं ते गोल भोक, तपासायला दिला होता. ५२ मिमीचा बोअर, त्याहून ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) मोठा चालेल, लहान नाही. मशीनवरून उतरला की लगेच बोअर गेज (भोक मोजायचं साधन) घालायचे, ५२.०१५ दिसलं की ओके. असे चाळीस जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेले भाग, पुढे गेले आणि असेंब्लीत बेअरिंग बसेना. मला रडू यायचं बाकी होतं. मशीन लावून देणारे सेटर काका ओरडले नाहीत. एक ताजा जॉब माझ्याकडून मोजून घेतला, तो स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मोजमापाच्या खोलीत, सपाट सरफेस प्लेटवर ठेवला आणि म्हणाले, ‘डबा खाऊन ये.’ तिथे कायम २० अंश तापमान असतं. परत येऊन मोजला तर ५१.९९! मशीनवरून नुकताच उतरलेला, त्या खोलीपेक्षा वीस अंश जास्त गरम असलेला तेवढा बोअर सुमारे २४ मायक्रॉन मोठा भरतो, हे मी कॉलेजात सूत्रासकट लिहून मार्क मिळवले होते. हाताला ते त्या दिवशी कळलं.

ते चाळीस जॉब पुन्हा बोअर करून घेतले. मोठ्या कंपनीला शिकाऊ मुलीची तेवढी चूक झेपली. छोट्या वर्कशॉपच्या मालकाला ती झेपत नाही, म्हणून नवीन मुलाला तो बरेच दिवस जॉब लावायला-काढायलाच ठेवतो. त्याचंही बरोबर आहे, कर्जाचे हप्ते त्याला भरायचे असतात.

पण मोठ्या कंपनीतही माणसं कमी पडली की अप्रेंटिसला एकाच स्टेशनवर उभं करतात. मला तीन महिने नुसते बोल्ट आवळायला ठेवलं होतं, याचा राग अजून आहे. तू गप्प बसू नकोस. रोज काय केलं ते डायरीत लिही, आणि महिनाभर तेच काम असलं की ट्रेनिंग विभागाला लेखी अर्ज देऊन क्वालिटी, टूलरूम (हत्यारं-साचे बनवायचा विभाग) किंवा मेंटेनन्स माग. ओव्हरटाइमला थांब म्हणाले तर अप्रेंटिसशिप सल्लागाराची (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याची) मंजुरी आहे का, ते विचार; तिच्याशिवाय थांबवता येत नाही. करार नोंदवलाय का तेही बघ, त्याची प्रत स्वतःजवळ ठेव.

भोसरीच्या मालकांना फोनवर नाही म्हणू नकोस. जाऊन भेट आणि वर्षाने येतो म्हणून सांग. मोजमाप पक्कं असलेला मुलगा त्यांनाही हवाच असतो.