अक्षता पडायच्या आधी दोन घास
अगं, पुढच्या महिन्यात अक्षता ना तुझ्या? मग ऐक. बेळगावजवळच्या खानापूरला आमचं लग्न झालं, त्या दिवसाचं काय आठवतं म्हणशील तर भूक! मुहूर्त साडेबाराचा, पोटात पहाटेचा चहा तेवढा. फोटोवाल्यानं साडेतीनपर्यंत स्टेजवरून हलू दिलं नाही. पंगतीतली जिलेबी संपली, मठ्ठा उरला. शेवटी मावशीनं पदराआडून कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी दुधाच्या मिठाईचा, डबा पुढं केला. मेंदीच्या बोटांनीच खाल्ला. करवलीच्या पिशवीत कुंदा ठेवच. बेळगावच्या शहापुरात साडी घेतलीस तर फॉल-पिको करून आधी दोन तास नेसून बघ. आणि सासरच्या कन्नड आज्ज्यांना 'ऊटा आत्री?' म्हणजे 'जेवण झालं का?' असं विचार, लगेच मऊ पडतात. लग्नाच्या नोंदणीसाठी आधार कार्डावरचं नाव तपासलंस का?