अग्निशमन जवानांचा सत्कार करायचा आहे, शाल-श्रीफळाशिवाय काय देता येईल?

तुम्ही विचारलंय की मंडळातर्फे 14 एप्रिलला गावातल्या अग्निशमन जवानांचा आणि 108 च्या डॉक्टर-चालकांचा सत्कार करायचा आहे, तर काय द्यावं. 108 बद्दल त्यांच्यातल्याच कुणी लिहावं. माझी नोकरी खानदेशातल्या एका नगरपालिकेच्या बंबावर झाली, तेवढंच सांगतो.

आधी तारीख बदला. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले 66 जवान गेले, म्हणून तो अग्निशमन सेवा दिन. पण त्याच दिवशी आंबेडकर जयंती असते. बंब आणि माणसं मिरवणुकीच्या बंदोबस्ताला रस्त्यावर उभी असतात. अग्निशमन सेवा सप्ताह 20 तारखेपर्यंत चालतो, त्यातला मधला दिवस धरा. कार्यक्रम स्टेशनातच घ्या, पाळी बदलते त्या वेळी, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं भेटतील. मंडप बंबाच्या दारासमोर टाकू नका.

त्या जहाजात दारूगोळ्यासोबत कापसाच्या गाठी होत्या आणि धूर आधी दिसला तो कापसाच्याच कोठारातून. इतका कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागात हे कुणी सांगत नाही. कापसाची आग विझवायला माणसं जातात म्हणजे नेमकं काय करतात, हेही कुणाला ठाऊक नसतं. ठाऊक असतं एवढंच, "बंब रिकामाच उना!" म्हणजे रिकामाच आला.

हे वाक्य एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या फाटकावर ऐकलं, मे महिन्यात, दुपारी दोनला. रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा ढीग पेटला होता. बंब भरलेलाच गेला होता, साडेचार हजार लिटर. एका होजमधून, म्हणजे बंबाच्या पाण्याच्या नळीतून, मिनिटाला 400 ते 450 लिटर पाणी जातं. दोन होज लावले की पाच-सहा मिनिटांत टाकी खडखडाट. बंब भरायला बाहेर वळला तेव्हा फाटकावर आलेल्या लोकांनी पाहिला तो रिकामा बंब. दगड पडला, काच फुटली, व्हिडिओ तालुकाभर फिरला.

मालक विहीर दाखवत होते. पाणी होतं, पण चाळीस फुटांवर. बंबाचा पंप सक्शनने पाणी ओढतो ते फार तर सात मीटरवरून, म्हणजे तेवीस फूट. तिथे पंपाची ताकद कामाला येत नाही, पाणी वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. विहिरीवरची मोटर चालू करावी तर वीज आधीच तोडायला लावलेली, ती तोडल्याशिवाय शेडमध्ये पाणी मारताच येत नाही. ऑफिसमागे पन्नास हजार लिटरची सिमेंटची टाकी होती, काठोकाठ भरलेली. तिला खाली अर्धा इंची तोटी. त्या तोटीतून मिनिटाला पंधरा-वीस लिटर येतं. बंब भरायला कमीत कमी पावणेचार तास लागले असते. भरलेल्या टाकीला वळसा घालून बंब गावात पाणी आणायला गेला.

पाणी आलं तरी आग लगेच विझत नाही. कच्च्या रुईवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, पाणी वरून ओघळून जातं आणि आत धग राहते. पाण्यात फोम कंपाउंड, म्हणजे फेस करणारं रसायन मिसळलं की पाणी आत शिरतं, तेही नसेल तर साबणाची पावडर चालते. गाठीचं काम त्याहून वाईट. 170 किलोच्या दाबलेल्या गाठीत ठिणगी अडकली तर बाहेरून काही दिसत नाही, दोन-तीन दिवसांनी ती पेटते. गाठ मोकळ्या मैदानात न्यायची, होज रोखून धरायचा, मगच पट्ट्या कापायच्या. पट्टी तुटताना सापासारखी उसळते, म्हणून बाजूला उभं राहून लांब दांड्याच्या कटरने कापायची. पट्टी सुटली की गाठ फुगते, हवा आत जाते, भडका उडतो. अशा शंभर गाठी धरा, बाहेर 44 अंश ऊन, अंगावर जाड कोट, पायात गमबूट. धुरात शिरायचं तर पाठीवर हवेचं सिलिंडर. सहा लिटरचं, 300 बारला भरलेलं, म्हणजे 1800 लिटर हवा. कागदावर पाऊण तास. ढीग उपसताना दम लागतो, मग अर्ध्या तासात हवा संपत आल्याची शिट्टी वाजते. आमच्याकडे ते भरायचा कॉम्प्रेसर नव्हता, एकदा वापरलं की भरायला दुसऱ्या शहरात पाठवायचं.

म्हणून शाल नको. एप्रिलात शाल द्यायची तरी कुणाला? सुती मोज्यांचे दोन-दोन जोड द्या, मापाचे गमबूट द्या, ओआरएसचे बॉक्स स्टेशनात ठेवा. गावातल्या एखाद्या डॉक्टरांना सांगून सगळ्यांची फुप्फुसांची तपासणी करून द्या, ही सगळ्यात मोठी भेट. प्रमाणपत्रं दिलीत तर कंत्राटी पोरांचीही नावं घाला. होज तेही धरतात, यादीतून मात्र तेच गळतात.

एक मान्य करतो. आधीच्या कॉलवरून आलेला बंब न भरता उभा राहिला आणि तसाच निघाला, असंही घडतं. ती चूक स्टेशनचीच आणि तिचा जाब विचारावा. सगळेच बंब साडेचार हजाराचे नसतात, काही लहानही असतात, तेव्हा वरचे आकडे आपल्या बंबाला लावून बघा.

तुमच्या मंडळात जिनिंगवाले असतीलच. वर्गणीचा एक भाग त्यांच्याकडून असा घ्या: टाकीच्या बुडाशी चार इंची पाइप, त्याला व्हॉल्व्ह, तोंडाला बंबाच्या होजला बसणारं 63 मिमीचं कपलिंग, म्हणजे नळीचा जोड. पाणी उपसायला डिझेल पंप, कारण वीज त्या वेळी नसणारच. आणि दर मार्चमध्ये बंब बोलावून कपलिंग प्रत्यक्ष लावून बघा. आतलं रबरी वॉशर आपल्याकडच्या उन्हात वाळून तडकतं आणि ते कळतं नेमकं पाणी सोडल्यावर.