चेस्टनटची एकच फांदी वाळली आहे की सगळे झाड, हे आधी पाहा

आपण लिहिले आहे की न्यू जर्सीतील नव्या घराच्या परसात चेस्टनटची तीन झाडे आहेत; त्यांपैकी एकाची एक फांदी ऐन जुलैत वाळली, तिची पाने करपून तशीच लटकली आहेत आणि फांदीखालची साल फाटून तिच्यावर नारिंगी ठिपके आले आहेत. शेजारी झाड तोडायला सांगतात आणि आपल्या मनात बुरशीनाशक फवारण्याचा विचार आहे. पेनसिल्व्हेनियात काही वर्षे ही झाडे सांभाळताना जे शिकलो, त्यावरून सांगतो की या दोन्ही गोष्टींची आज घाई करू नये. (जाता जाता: शब्दकोशात ‘चेस्टनट’समोर कधी कधी शिंगाडा लिहिलेला आढळतो, पण शिंगाडा पाण्यात वाढतो आणि त्याचा या झाडाशी काहीही संबंध नाही. काटेरी बोंडातून तपकिरी फळे देणारे हे झाड ओकच्या कुळातील आहे.)

आपण वर्णन केलेली लक्षणे चेस्टनटच्या करप्याची आहेत. हा रोग क्रिफोनेक्ट्रिया पॅरासिटिका या आशियातून आलेल्या बुरशीमुळे होतो. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात तेथील वनपाल हर्मन मर्केल यांना ही झाडे मरताना दिसली आणि पुढच्या सुमारे ५० वर्षांत अमेरिकन चेस्टनटची अंदाजे ४०० कोटी झाडे गेली. आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्याने १९११ मध्ये रोग थोपवण्यासाठी खास आयोग नेमला, रोगट झाडे तोडण्याची मोहीम काढली, आणि १९१३ मध्ये तो आयोग गुंडाळावा लागला. तोडून हा रोग संपत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले आहे. म्हणून शेजाऱ्यांचा सल्ला मला पटत नाही.

बुरशी सालीवरच्या जखमेतून आत शिरते, ऑक्सॅलिक आम्ल सोडून सालीखालचा जिवंत थर मारते, तिथे खोलगट किंवा फुगलेला डाग पडतो, आणि तो हळूहळू फांदीभोवती वेढा घालतो. वेढा पूर्ण झाला की वरच्या भागाचा रसपुरवठा तुटतो, आणि म्हणूनच बाकीचे झाड हिरवेगार असताना एकच फांदी अचानक वाळते. वाळलेली पाने अनेकदा हिवाळ्यातही गळत नाहीत, आणि डागाच्या लगेच खालून कोवळ्या फुटव्यांचा झुबका निघतो. खात्री करायची असेल तर डागाच्या कडेची साल चाकूने थोडीशी उचलावी. आत फिकट पिवळसर, पंख्यासारखी पसरलेली बुरशी दिसली तर शंका उरत नाही. ठिपके टाचणीच्या डोक्याएवढे असतात आणि पाऊस पडून गेल्यावर त्यांतून नारिंगी-पिवळ्या बारीक शेवयांसारखे बीजाणूंचे धागे बाहेर येतात. नैर्ऋत्य बाजूची साल उभी फाटली असेल, पण नारिंगी रंग कुठेच नसेल, तर ती बहुधा हिवाळ्यातील ऊन-थंडीची इजा असते. नवखी माणसे इथेच फसतात.

यानंतर झाड कोणते आहे ते ओळखावे, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. पान उलटून पाहावे. पान जाडसर, खालून मऊ लव असलेले आणि कोवळी डहाळीही लवदार असेल, तर झाड चिनी आहे. पान लांबट, पातळ, बिनलवीचे आणि कडेचे दाते आकड्यासारखे वळलेले असतील, तर ते अमेरिकन असण्याची शक्यता आहे. परसातील बहुतेक झाडे चिनी किंवा संकरित निघतात. चिनी झाडावर डाग पडला तरी तो सहसा वरवरचा राहतो, साल तिथे फुगते आणि झाड तग धरते, मात्र ते दुष्काळाने किंवा गारठ्याने अशक्त झालेले नसावे.

आता उपाय. वाळलेली फांदी कोरड्या दिवशी, डागाच्या कडेपासून किमान वीतभर खाली निरोगी लाकडात कापावी आणि प्रत्येक कापानंतर करवत ७० टक्के अल्कोहोलने पुसावी. कापलेले लाकूड जाळावे किंवा पुरावे. ते सरपणाच्या ढिगात ठेवू नये, कारण मेलेल्या सालीवरही ही बुरशी जगते आणि बीजाणू सोडत राहते. फवारणीचा उपयोग नाही, कारण बुरशी सालीच्या आत असते. कोकणात आंब्याला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावण्याची सवय असलेल्यांना इथेही तोच मोह होतो. मलाही झाला होता, आणि पेस्टच्या निळसर थराखाली डाग निवांत वाढत राहिला.

डाग मुख्य खोडावर असेल आणि खोडाला पूर्ण वेढा पडला नसेल, तर मातीचा लेप करून पाहावा. त्याच झाडाच्या बुंध्याजवळची ओली माती डागावर, वर-खाली फूटभर पुढे जाईल अशी थापावी, त्यावर प्लास्टिक घट्ट गुंडाळावे आणि वाढीच्या हंगामात दोन-तीन महिने तशीच ओलसर ठेवावी. मातीतील सूक्ष्मजीव या बुरशीला दाबतात. याच कारणाने वरचे झाड मेले तरी मुळे जिवंत राहतात आणि बुंध्यातून पुन्हा फुटतात. या उपायाची मर्यादा मात्र ओळखून असावे: माझ्याकडे एक डाग असा भरून आला आणि पुढच्याच वर्षी चार फूट वर दुसरा उमटला. युरोपात बुरशीलाच आजारी पाडणारा विषाणू पसरल्याने इटली आणि फ्रान्समधील पुष्कळ चेस्टनट वाचले. अमेरिकेत बुरशीचे परस्परांशी न जुळणारे प्रकार फार असल्याने तो विषाणू तसा पसरत नाही.

फांदी नव्हे, तर सगळे झाड एकदम पिवळे पडून पाने बारीक होऊ लागली, तर खाली पाहावे. बुंध्याजवळ साल खरवडल्यावर ज्वाळेच्या आकाराचा काळपट डाग वर चढताना दिसला आणि मुळे काळी पडली असतील, तर तो शाईरोग होय. त्याचे कारण फायटॉप्थोरा सिनामोमी हा मातीत राहणारा, बुरशीसारखा सूक्ष्मजीव. नागपुरी संत्र्यावर डिंक्या आणणारे फायटॉप्थोरा हे याचेच भाऊबंद, त्यामुळे विदर्भातील वाचकांना पुढचे पथ्य परके वाटणार नाही: पाणी साचू देऊ नये, चिकणमातीच्या सखल जागी लागवड करू नये, उंचवट्यावर करावी. फॉस्फाइट या औषधाने रोगाचा जोर थोडा कमी होतो, पण कुजलेली मुळे परत येत नाहीत, आणि करप्यासारखे बुंध्यातून फुटणेही इथे नसते. मी उताराच्या तळाशी लावलेली रोपे अशीच गमावली. चूक रोगाची नव्हती, जागा निवडणाऱ्याची होती.

वसंतात कळ्यांच्या जागी हिरव्या-गुलाबी गाठी दिसल्या, तर ते काम १९७४ मध्ये जॉर्जियात प्रथम आढळलेल्या एका चिमुकल्या आशियाई गांधीलमाशीचे. हिरव्या गाठी जूनपूर्वी काढून नष्ट कराव्यात. जुन्या वाळलेल्या गाठी मात्र हिवाळ्यात जाळू नयेत, कारण त्या माशीला मारणारी दुसरी परोपजीवी माशी त्यांतच हिवाळा काढते.

उरलेल्या दोन झाडांच्या बुंध्याला गवत कापण्याच्या यंत्राचा ओरखडा लागू देऊ नका. भोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करा, ते सालीला टेकू देऊ नका, आणि माती आम्लधर्मी राहावी म्हणून चुना टाकू नका. तिन्ही झाडांच्या पानांची खालची बाजू आणि एकेक डहाळी यांचे छायाचित्र पाठवावे. एखादे अमेरिकन निघाले, तर वरचा भाग वाळला तरी त्याचा बुंधा उपटू नका. त्याचे फुटवे राखता येतील.