डीबीत एकच आरसीसीबी पुरे की प्रत्येक सर्किटला आरसीबीओ?

तुमच्या घराचं वायरिंग नव्याने होतंय, डीबीत (जिथून घरभर वायरी वाटल्या जातात त्या पेटीत) आठ सर्किट आहेत, आणि सुरुवातीला एक आरसीसीबी (अर्थला करंट गळला की वीज तोडणारा स्विच) टाकून पुढे एमसीबी (जादा लोड किंवा शॉर्टसर्किट झालं की तोडणारे) लावावेत की प्रत्येकाला वेगळा आरसीबीओ (ही दोन्ही कामं एकातच करणारा) घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. मी हीच कामं करतो. जमत असेल तर आठही आरसीबीओ घ्या. नसेल तर निदान गीझर, स्वयंपाकघर, वॉशिंग मशीन आणि बाहेरच्या सॉकेटना तरी घ्याच.

कारण लीकेज साठत जातं. लीकेज म्हणजे फेजने गेलेला पण न्यूट्रलने न परतता अर्थला गळलेला करंट; जाणारा आणि परतणारा यांतला फरक बघूनच ही उपकरणं पडतात, म्हणजे वीज तोडतात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या वर कुठेही पडू शकतो, मानकाप्रमाणे ते बरोबरच आहे. कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन यांच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थला जातच असतो. आठ सर्किटची ही बेरीज एकाच आरसीसीबीवर आली, की गीझरच्या कॉइलमध्ये जरा ओल शिरताच फ्रिजसकट सगळं घर अंधारात, आणि दोष कुठे ते शोधत बसा. आरसीबीओ असेल तर ज्या सर्किटमध्ये दोष, त्याचाच खटका खाली दिसतो.

निवडताना आधी वायर बघा. आरसीबीओचे अँपिअर वायरच्या क्षमतेपेक्षा जास्त नकोत. वारंवार पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ टाकणं म्हणजे वायर जाळणं. कर्व्ह म्हणजे करंट अचानक किती उसळला की तो लगेच पडेल ते; लाइट-सॉकेटला बी किंवा सी कर्व्ह, मोटर असेल तिथे सी. माणसाच्या बचावासाठी ३० मिलिअँपिअरच. १०० किंवा ३०० चा आगीसाठी आहे, शॉकसाठी नाही. ब्रेकिंग कपॅसिटी, म्हणजे तो सुरक्षितपणे तोडू शकेल तो सर्वात मोठा करंट, तुमच्या जागेच्या शॉर्टसर्किट करंटपेक्षा जास्त हवी.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते टाइपकडे, म्हणजे तो कुठल्या प्रकारचं लीकेज ओळखतो त्याकडे. एसी टाइप फक्त साध्या एसी लीकेजला ओळखतो. आजच्या वॉशिंग मशीनमध्ये, इन्व्हर्टर एअर कंडिशनरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स आहे, त्यातला दोष तुटक डीसीचा असू शकतो, आणि तेव्हा एसी टाइप गप्प बसू शकतो. म्हणून किमान ए टाइप घ्या. गाडीच्या चार्जरचं गणित वेगळं, तिथे चार्जर बनवणाऱ्याने सांगितलेलाच टाइप लावा.

आता न्यूट्रल. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल त्याच्याच आरसीबीओत परतला पाहिजे, सगळ्यांच्या सामाईक लिंकवर (न्यूट्रलच्या पट्टीवर) नाही. एका घरात बेडरूमचा पंखा लावला की बेडरूम आणि हॉल, दोन्ही आरसीबीओ एकदम पडायचे. मेन बंद करून दोघांच्याही आउटगोइंग न्यूट्रल वायरी सोडवल्या, मल्टिमीटरची टोकं त्या दोन वायरींना लावली, तर बीप वाजला. एका स्विचबोर्डामागे दोन्ही न्यूट्रल एकत्र पिळून टेप मारली होती. पंख्याचा करंट परतताना दोन्हीकडे वाटला जायचा. एकाला कमी वाटायचा, दुसऱ्याला जास्त. जोड वेगळा केला आणि ट्रिप थांबलं. प्लास्टर होण्याआधी ही तपासणी प्रत्येक जोडीची करून घ्या, नंतर भिंत फोडावी लागते.

एक गोष्ट घरच्यांनाही सांगा: एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला आणि अर्थला काहीच गेलं नाही, तर आरसीबीओला ते कळत नाही. त्याला तो साधा लोडच वाटतो. अर्थिंगही नीट हवंच. टेस्ट बटण दाबून खटका पडला म्हणजे फक्त आरसीबीओ चालतोय एवढंच समजतं, अर्थिंगची वायर जोडलेली आहे की नाही ते त्यातून दिसत नाही. ते वायरमनकडून मीटर लावून मोजून घ्या.