हातात १९,००० देणारी नोकरी आणि मार्चमधला हप्ता

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात देतो.

"माझे मिस्टर ३४ वर्षांचे. चाकणला ठेकेदाराकडून एका कंपनीत प्रेस मशीनवर आहेत. कापून हातात १५,८६५ येतात. मी तीन घरी पोळ्या करते, त्याचे ६,०००. मुलं दोन. आता त्यांना एका सोसायटीत सिक्युरिटीचं काम मिळतंय, रोख १९,०००. बारा तास ड्यूटी, सुट्टी घेतली की खाडा. पीएफ, ईएसआय नाही. पण ईएसआय आम्ही कधी वापरलं नाही आणि पीएफ तर ठेकेदार बदलला की काढूनच घेतो. एक तारखेपासून या म्हणतात. जाऊ द्यावं का? महिना भागत नाही. बँकेतून घेतलेली एक पॉलिसी आहे, वर्षाला ३०,०००. २०३८ ला तिचे पाच लाख आले की गावी दोन खोल्या बांधू, तेवढाच आधार."

सोबत पगाराची स्लिप, पॉलिसीचं पहिलं पान आणि घरखर्चाच्या वहीच्या एका पानाचा फोटो.

ताई, विचारलंत त्याचं उत्तर आधी देतो: नको. स्लिपवर एकूण पगार १८,००० आहे. त्यातून पीएफचे १,८०० जातात, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, १३५ आणि व्यवसाय कराचे २००. तेवढेच १,८०० मालक वेगळे भरतो, शिवाय ईएसआयचे ५८५. म्हणजे मिस्टरांच्या नावावर महिन्याला साधारण २०,२०० पडतात. समोरचा देतोय १९,०००. आणि तास बघा. आज २६ दिवस, आठ तास: २०८ तास. हातात येणाऱ्या पैशांचाच हिशेब केला तरी तासाला ७६ रुपये. तिकडे ३० दिवस, बारा तास: ३६० तास, तासाला ५३ रुपये. महिन्याला दीडशे तास जास्त उभं राहून हातात ३,१३५ जास्त येणार. म्हणजे त्या वरच्या प्रत्येक तासाचे २१ रुपये पडले. तुम्ही पोळ्या करायला याहून महाग तासाने जाता.

ईएसआय वापरलं नाही म्हणता. चांगलं झालं, वेळ आली नाही. पण मिस्टर प्रेसवर आहेत. चाकण-भोसरी पट्ट्यात प्रेसवर बोटं गेलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत ईएसआयकडून पगाराच्या ९० टक्के मिळतात, कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा रक्कम चालू होते. साध्या आजारपणातही वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. तुमचे आणि मुलांचे उपचार त्यातच. सोसायटीच्या गेटवर डेंग्यू झाला तर दहा दिवसांचा खाडा आणि दवाखान्याचं बिल, दोन्ही घरात.

एवढं सांगून थांबलो असतो. पण मी वहीचं ते पान दोनदा वाचलं. तुमचं अक्षर नीट आहे, हिशेब त्याहून नीट. भाडं ५,५००, लाइट-पाणी ६००, किराणा-गॅस ६,८००, दूध-भाजी २,४००, गावी सासूबाईंना १,५००, शाळा-शिकवणी १,५००, जाणं-येणं १,३००, मोबाइल ६००. बेरीज २०,२००. दोघांची कमाई २१,८६५. म्हणजे १,६६५ शिल्लक राहायला हवेत. या पानावर उधळपट्टीचा एक रुपया नाही. कमी पगारात असा संसार चालवणाऱ्या बाईला "खर्च आवरा" असं सांगायला माझी जीभ रेटणार नाही.

आणि मग सगळ्यात खाली, वेगळ्या पेनाने: "गट हप्ता २,११५." पत्रात या गटाच्या कर्जाचा उल्लेखही नाही. इथे महिना ४५० रुपयांनी तुटतो. पुढच्या ओळीत तारीख लिहिली आहे: मार्च २०२५, ४०,००० उचलले, २४ हप्ते. पॉलिसीच्या हप्त्याची तारीखही मार्चच. म्हणजे ३०,००० पॉलिसीत गेले आणि १०,००० बहुधा शाळेच्या फीला.

ताई, तुमची खरी अडचण इथे आहे. २४ महिन्यांना २,११५ म्हणजे व्याज वर्षाला २४ टक्क्यांच्या घरात. ते पैसे उचलून जिथे भरलेत तिथे काय मिळतं? दहा वर्षं ३०,००० भरायचे, पंधरा वर्षांनी पाच लाख. परतावा पाच टक्के, फार तर. २४ ने उचलून ५ ने ठेवायचं. त्यात हे कर्ज तुमच्या नावावर आणि पॉलिसी मिस्टरांच्या. मीटिंगला सकाळी तुम्ही बसता, एखादीचा हप्ता आला नाही की सगळ्या बायका ताटकळत बसतात, पुढच्या घरी पोळ्यांना उशीर होतो.

आता मार्च २०२६ ला चौथा हप्ता येतोय. त्यासाठी महिन्याला २,५०० बाजूला हवेत आणि मागच्या हप्त्याच्या कर्जाचे २,११५ चालूच. मिळून ४,६१५. नवी नोकरी देतेय जास्तीचे ३,१३५, वहीतले १,६६५ धरून ४,८००. म्हणजे मिस्टर रोज बारा तास उभे राहिले तर जेमतेम १८५ उरणार, एक खाडा झाला की तेही गेले आणि मार्चमध्ये पुन्हा गटाकडे जावं लागणार. ही नोकरी तुम्ही पॉलिसीसाठी घ्यायला निघाला आहात, घरासाठी नव्हे.

पॉलिसी आली कुठून तेही पत्राच्या शेवटी आहे. २०२३ मध्ये ठेकेदार बदलला, पीएफचे ६२,००० काढले, एफडी करायला बँकेत गेलात. काउंटरवरच्याने सांगितलं, एफडीपेक्षा हे चांगलं, विमा पण आहे. दोन वर्षांचे हप्ते त्या ६२,००० मधून गेले. मला याचा मनापासून राग येतो. एफडी करायला आलेल्या कामगाराच्या हाती दहा वर्षांचा हप्ता बांधून देणाऱ्याला पक्कं माहीत असतं की हा माणूस तिसऱ्या-चौथ्या वर्षी अडखळणार. तुम्ही पाठवलेल्या पानावर वार्षिक उत्पन्न साडेचार लाख लिहिलंय. तो आकडा तुम्ही सांगितला होता का? नसेल, तर ते पान जपून ठेवा.

आणि विमा म्हणाल, तर त्यात ३ लाखांचं संरक्षण आहे. पीएफ भरणाऱ्या प्रत्येकाला ईडीएलआय नावाचा विमा असतो, त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक रुपया कापत नाहीत. १५,००० वर पीएफ कापला जात असेल आणि नोकरीत वर्ष झालं असेल, तर नोकरीत असताना काही बरंवाईट झाल्यास ५ लाख २५ हजार, शिवाय खात्यातल्या शिलकीचा काही भाग. कमाल ७ लाख. ३०,००० देऊन ३ लाखांचा विमा राखायचा आणि सव्वापाच लाखांचा फुकटचा सोडून गेटवर जायचं, असा हा व्यवहार होता.

पाच लाखांत २०३८ साली दोन खोल्या होणार नाहीत, हेही आत्ताच सांगतो. महागाई सहा टक्के धरली तर ते आजचे अडीच लाख. गावाकडच्या गवंड्याला आजचा दर विचारून बघा.

काय करायचं? एक: चौथा हप्ता भरू नका. त्यासाठी गटाकडून, नातेवाइकाकडून, दागिन्यावर, कशावरही पैसे उचलू नका.

मग विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा: एफडी म्हणून पॉलिसी दिली, उत्पन्न खोटं लिहिलं. साध्या मराठीत, एका पानात. पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यात त्यांचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. पैसे परत मिळतीलच अशी आशा मी लावणार नाही, पण अर्ज केल्याशिवाय सोडू नका.

त्याच अर्जासोबत दोन आकडे मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, आणि पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच राहू दिली, तर २०३८ ला किती. माझा अंदाज असा. तीन हप्ते म्हणजे ९०,००० भरलेत. तुमची पॉलिसी जुन्या नियमातली, तिसऱ्या वर्षात किमान ३५ टक्के, म्हणजे ३१,५०० हातात येतील. कंपनी थोडे जास्तही देऊ शकते. पेड-अप ठेवली तर पुढे काही न भरता २०३८ ला ९०,००० च्या आसपास. खरं सांगायचं तर नुसत्या आकड्यांत पेड-अप सरस दिसते. ३१,५०० चे बारा वर्षांत ९०,००० म्हणजे नऊ टक्क्यांच्या जवळ. घरात कर्ज नसतं तर मी तेच सांगितलं असतं.

पण नऊ हप्ते भरून आज गटाचे साधारण २७,२०० बाकी आहेत. सरेंडरच्या पैशांत ते कर्ज मिटतं आणि वर चार हजार राहतात. अशा कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. कुणी मागितला तर पावती मागा. दुसऱ्या महिन्यापासून २,११५ मोकळे होतात आणि तुमचं पान ४५० च्या तुटीवरून १,६६५ च्या शिलकीवर येतं. मिस्टरांना नोकरी सोडायचं कारण उरत नाही. त्यासाठी २०३८ चे थोडे पैसे सोडावे लागले तर सोडा. तक्रारीचं उत्तर येईपर्यंत मात्र सरेंडरच्या अर्जावर सही करू नका.

५८,५०० बुडाले असं वाटेल. वाटणारच, पोटाला चिमटा काढून भरलेले पैसे आहेत. पण ते मागच्या तीन मार्चमध्ये गेले. पुढचे सात हप्ते, दोन लाख दहा हजार, अजून तुमच्या हातात आहेत.

आता पीएफ. ठेकेदार बदलला म्हणून तो काढायचा नसतो. पीएफचा यूएएन नंबर तोच राहतो, नव्या ठेकेदाराला तोच द्यायचा आणि जुनी रक्कम ट्रान्सफर करायची. ते ६२,००० तिथेच असते तर आज ७७,००० च्या पुढे असते. २०२४-२५ चं व्याज ८.२५ टक्के आहे. दर महिन्याला खात्यात २,३५० पडतात, वर्षाला २८,०००. तुमच्या पॉलिसीच्या हप्त्याएवढाच पैसा, न मागता, कुणाकडून न उचलता. वेगळे १,२५० पेन्शनमध्ये जातात. पेन्शनचा हक्क दहा वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो, आणि पीएफसोबत पेन्शनचेही पैसे काढले की मोजणी पुन्हा एकपासून. मिस्टरांची दहा वर्षं एव्हाना झाली असती. २०२३ पासून धरून ५८ व्या वर्षापर्यंत न मोडता चाललं, तर आजच्या सूत्राने महिना सहा हजारांच्या आसपास. फार नाहीत. पण तुम्ही आज सासूबाईंना दीड हजार पाठवताय, ते लक्षात घेऊन विचार करा.

शिल्लक १,६६५ चं काय? पोस्टात महिना १,००० ची आरडी, आणि ती फक्त दवाखाना किंवा काम सुटणं यासाठी. दोघांचे जीवन ज्योती (वर्षाला ४३६) आणि सुरक्षा विमा (वर्षाला २०) बँक खात्यातून चालू करा, मिळून ९१२ रुपये. उरलेले शाळा सुरू व्हायच्या जूनसाठी डब्यात. रीलवर पाहिलेली म्युच्युअल फंडातली महिना ५०० रुपयांची एसआयपी तुम्ही विचारलीत: वीस वर्षांत एक कोटी होत नाहीत. बारा टक्के मिळाले तरी पाच लाखांच्या आसपास. ती नंतर बघू, आधी आरडीत सहा महिने होऊ द्या.

ओव्हरटाइमबद्दल स्लिपवर एक गोष्ट दिसली. १२ तास ओटी, दर साधा. कायद्याने तो दुप्पट हवा. एकट्याने आवाज केला तर दुसऱ्या दिवशी गेट बंद होतं, हे मी जाणतो, म्हणून भांडा म्हणत नाही. पण स्लिपा टाकू नका, ओटीचे तास तारखेसह त्याच वहीत लिहीत जा, आणि लाइनवरचे चौघे-पाच जण एकत्र बोलायला तयार असतील तर मिस्टरांनी त्यांच्यात असावं.

सोसायटीवाल्यांना या आठवड्यातच नाही म्हणून कळवा. आणि कंपनीकडून सरेंडर-पेड-अपचे आकडे आले की सही करायच्या आधी त्या कागदाचा फोटो मला पाठवा. ३१,५०० पेक्षा कमी लिहिलेले असतील तर का, ते आपण त्यांना विचारू.